‘फंक्शनल इअर ट्रेनर’: गाणाऱ्यांनी आणि पेटी वाजवणाऱ्यांनी कसं वापरावं

हौशी गायक-वादक जमले की एक प्रश्न हमखास निघतो: “अमक्याला परफेक्ट पिच आहे म्हणे. मोठेपणी ते शिकता येतं का?” कान तयार करून देणाऱ्या कितीतरी अ‍ॅपांची आणि ऑनलाइन कोर्सची जाहिरात याच दोन शब्दांवर चालते. ‘फंक्शनल इअर ट्रेनर’ या अ‍ॅपबद्दल सांगताना आधी हा गुंता सोडवावा लागतो. हे अ‍ॅप परफेक्ट पिच शिकवतच नाही, आणि हौशी माणसाने ते घ्यावं याचं मोठं कारण हेच आहे.

परफेक्ट पिच म्हणजे निरपेक्ष स्वरज्ञान. पेटी नाही, तानपुरा नाही, कशाचा आधार नाही, आणि तरी कुकरची शिट्टी ऐकून “ही काळी चार” (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी) असं सांगता येणं. पाश्चात्त्य अभ्यासांत दहा हजारांत एक हा आकडा नेहमी दिला जातो. वयाच्या पाच-सहा वर्षांच्या आत स्वर आणि त्याचं नाव यांची गाठ बसली, तर हे ज्ञान येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. अमेरिकेतल्या डायना डॉइच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली छापलेल्या तुलनेत, चौथ्या-पाचव्या वर्षी शिकायला लागलेल्या बीजिंगच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६० टक्के या कसोटीला उतरले; तितक्याच लहान वयात सुरुवात केलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी १४ टक्के. चिनी भाषेत शब्दाचा अर्थ स्वराच्या चढउतारावर ठरतो, त्याचा यात वाटा असावा असं त्यांचं म्हणणं. तिशी-चाळिशीत हे ज्ञान पैसे भरून पक्कं मिळेल, असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ज्यांच्याकडे ते आहे त्यांनाही ते कायम खरं बोलत नाही. वय वाढलं की अनेकांना स्वर आहे त्याहून चढा ऐकू येऊ लागतो. कार्बामाझेपीन हे अपस्मारावरचं औषध घेणाऱ्या काहींना सगळे स्वर सुमारे अर्ध्या स्वराने उतरलेले ऐकू आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिवाय कीबोर्डचं ट्रान्सपोज (पट्टी बदलणारं) बटण दाबून पांढरी एकच्या पट्टीतून काळी दोन वाजवायची वेळ आली, की बोटाखाली एक स्वर आणि कानात दुसरा अशी त्यांची ओढाताण होते. बाकीच्यांना यातलं काहीच जाणवत नाही.

आपल्या संगीताला लागतं ते सापेक्ष स्वरज्ञान. सा कुठेही धरा, तो धरल्यावर बाकीचे स्वर कानाला आपापल्या जागी सापडले पाहिजेत. काळी एकमधला गंधार (ग) आणि काळी चारमधला गंधार यांची कंपनं वेगळी, पण दोन्ही ठिकाणी तो गंधारच. हे ज्ञान कुठल्याही वयात येतं. फक्त सराव योग्य तऱ्हेचा हवा, आणि इथेच बहुतेक अ‍ॅपं चुकतात.

चूक अशी: ती दोन स्वरांमधलं अंतर ओळखायला लावतात. दोन सूर वाजतात, तुम्ही सांगायचं “मेजर थर्ड”. पण सा ते ग, म ते ध आणि प ते नि ही तिन्ही अंतरं चार-चार अर्ध्या स्वरांचीच आहेत. अ‍ॅपच्या लेखी तिन्ही एक. कानाच्या लेखी तिघांत जमीन-अस्मानाचा फरक. ग स्वस्थ बसतो, नि वरच्या सा कडे ओढ घेतो. गाणं ऐकताना आपण अंतरं मोजत नसतो, प्रत्येक स्वराचं सा शी असलेलं नातं ऐकत असतो. म्हणून अंतराच्या अ‍ॅपवर ९५ टक्के मिळवणारा माणूस साध्या भावगीताची पहिली ओळ पेटीवर काढताना चाचपडतो.

‘फंक्शनल इअर ट्रेनर’ची पद्धत अलां बेनबासा या संगीतशिक्षकाची. अ‍ॅप आधी चार कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-तीन स्वर) वाजवून पट्टी कानात बसवतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सा-ग-प, मग म-ध-सां, मग प-नि-रें आणि शेवटी पुन्हा सा-ग-प. त्यानंतर एक सुटा स्वर वाजतो आणि तो कोणता हे बटण दाबून सांगायचं. उत्तर दिल्यावर जे होतं ते या अ‍ॅपचं खरं सोनं आहे: अ‍ॅप तो स्वर पायरी पायरीने सा पर्यंत नेऊन ऐकवतं. म आला असेल तर म-ग-रे-सा, ध आला असेल तर ध-नि-सां. खालचे तीन खाली उतरतात, वरचे तीन वर चढतात. आठ-दहा दिवसांत हा उतार किंवा चढ कान स्वतःच पुरा करू लागतो, आणि मग स्वर वाजताक्षणी त्याचं घर कुठल्या बाजूला आहे ते कळतं. गुरुजी अलंकार घोटून घेतात त्यामागेही हेच असतं. इथे फरक इतकाच, की अ‍ॅप न थकता दिवसाला दोनशे वेळा विचारतं.

फोनवर घेतल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय बदलावं ते सांगतो. स्वरांची नावं डो-रे-मी ठेवू नका. डो म्हणजे सा, रे म्हणजे रे, इथवर ठीक. पण मी म्हणजे ग आणि फा म्हणजे म. आपल्या कानाला ‘मी’ ऐकलं की म आठवतो आणि चुका तिथेच सुरू होतात. आकडे घ्या. १ सा, ५ प, ७ नि, कोमलचं चिन्ह लावलेला ३ म्हणजे कोमल ग, तीव्रचं चिन्ह लावलेला ४ म्हणजे तीव्र म. उत्तर देताना तोंडाने मात्र ‘ग’, ‘प’ असंच म्हणायचं, आणि नुसतं म्हणायचं नाही, गायचं. गळ्यातून गेलेला स्वर कानात जास्त टिकतो.

दुसरं, पट्टी. पहिले तीन-चार दिवस एकच पट्टी ठेवायला हरकत नाही, पुरुषांनी काळी एक, बायकांनी काळी चार किंवा पाच. त्यापुढे पट्टी दर वेळी बदलती ठेवावी. एकाच पट्टीत दोन आठवडे काढले की कान स्वराचं नातं ऐकणं सोडतो आणि त्या पियानोचा तो ठरावीक आवाज पाठ करतो. आकडे सुंदर दिसतात. पट्टी बदलली की निम्म्यावर येतात. ज्यांना निरपेक्ष स्वरज्ञान आहे त्यांनी तर पहिल्या दिवसापासून पट्टी बदलतीच ठेवावी. नाहीतर ते आधी “ही काळी तीन” असं ओळखतात आणि मग सा पासून हिशेब करून उत्तर काढतात. उत्तर बरोबर येतं, सराव शून्य होतो.

तिसरं, सप्तक. सुरुवातीला एकच, गळ्याच्या आवाक्यातलं. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालच्या सप्तकातले स्वर धड येत नाहीत, मूळ कंपन गाळून वरचे उपस्वरच (मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे, त्याच्यासोबत वाजणारे बारीक स्वर) जास्त ऐकू येतात. साधे वायरचे इअरफोन पुरेसे आहेत. ब्लूटूथचेही चालतात, कारण इथे आवाज थोडा उशिरा आला तरी बिघडत नाही. तोच ब्लूटूथ लावून तानपुऱ्याबरोबर स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायला जाल तर मात्र आवाज मागे पडतो.

धड्यांचा क्रम आहे तसा पाळावा. आधी सा रे ग म, मग प ध नि सां, मग पूर्ण सप्तक. हे सुरुवातीचे मुख्य धडे फुकट उघडतात. घाई करणारे लोक थेट बारा स्वरांवर उडी मारतात आणि आठवड्यात सोडून देतात. सलग ४० प्रश्नांत ३६ बरोबर, असं लागोपाठ तीन दिवस झालं की पुढचा धडा घ्यावा. दिवसाला १५ मिनिटं, शक्यतो ७-८ मिनिटांच्या दोन बैठकांत. रविवारी एकदम दीड तास बसून काही साधत नाही, कान २० मिनिटांनी थकतो आणि चुका वाढतात. रोज बसणाऱ्याला शुद्ध सप्तक साधारण सहा ते आठ आठवड्यांत पक्कं होतं. मायनरचा धडा म्हणजे कोमल ग, ध आणि नि, आपल्या आसावरी थाटाचे स्वर. तो शुद्ध सप्तकानंतर लगेच घ्यावा.

चुका कुठे होतात हेही बरंचसं ठरलेलं आहे. सगळ्यात जास्त गोंधळ म आणि प यांच्यात. कारण साधं आहे: सा पासून प जितका वर, तितकाच म पासून वरचा सां. म वाजला की कान त्यालाच सा समजून वरच्या सां ला पंचम करून टाकतो. त्यात अ‍ॅपच्या चार कॉर्डांपैकी दुसरी म वरचीच आहे, त्यामुळे सा हलायला निमित्त मिळतं. यावर उपाय: उत्तर देण्याआधी मनात खालचा सा एकदा गुणगुणावा. मधेच वाटलं की सा निसटला, तर अंदाजाने बटण न दाबता पट्टी पुन्हा ऐकून घ्यावी.

दुसरा गोंधळ ग आणि ध यांचा. दोन्ही मऊ आणि स्थिर वाटतात. इथे उताराची दिशा आठवावी: स्वर खाली सा कडे जाऊ पाहतो की वर सां कडे? बारा स्वरांच्या धड्यात कोमल रे आणि शुद्ध नि यांची अदलाबदल होते, कारण दोघेही सा ला चिकटून बसलेले, एक वरून आणि एक खालून.

सगळ्यात घातक सवय मात्र वेगळीच आहे. स्वर वाजला की मनात सा-रे-ग-म म्हणत पायऱ्या चढायच्या आणि जिथे जुळेल तिथे थांबायचं. उत्तर दर वेळी बरोबर येतं, म्हणून सवय लक्षातही येत नाही. पण भजनात चाल पुढे निघून जाते, तेव्हा पायऱ्या मोजायला वेळ कुठला? म्हणून स्वतःला दोन सेकंदांची मर्यादा घालावी. दोन सेकंदांत आलं नाही तर जे वाटेल ते दाबावं, चुकू द्यावं आणि पुढचा उतार नीट ऐकावा. अशा चुकांमधून कान पायऱ्या मोजल्याने होतो त्यापेक्षा लवकर तयार होतो.

आता या अ‍ॅपची उणी बाजू. ती रागसंगीत शिकणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवी.

अ‍ॅपचे स्वर पियानोचे, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले. एका तुकड्यात १०० सेंट. या हिशेबाने ग सा पासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून (सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून) आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटवर असतो. ध ९०० ऐवजी ८८४, नि ११०० ऐवजी १०८८. पंचम जवळजवळ जुळतो, ७०० विरुद्ध ७०२. चौदा सेंट म्हणजे किती, हे कानाने ऐकून बघा: तानपुरा काळी एकला लावा, जोडीचा (मधल्या दोन तारांचा) सा १३८.५९ हर्ट्झ. आता पेटीवर त्याच सप्तकातला ग दाबून धरा, तो १७४.६१ हर्ट्झ. नुसता ऐकला तर छान वाटतो. तानपुऱ्यावर कान ठेवलात की आवाजात थरथर जाणवते, सेकंदाला पाच-सहा हेलकावे. ही थरथर सा चा पाचवा उपस्वर (६९३ हर्ट्झच्या आसपास) आणि पेटीच्या गंधाराचा चौथा उपस्वर (६९८ च्या वर) यांच्या टकरीची. आता पेटी सोडून तोच ग गळ्याने लावा आणि किंचित उतरवत जा. थरथर मंदावते आणि एका जागी थांबते. तो आपला गंधार. पंचमाची अशीच परीक्षा घेतली तर दोन सेकंदांत एखादाच हेलकावा येतो, म्हणून पेटीचा प कानाला खटकत नाही.

ही थरथर मराठी संगीतप्रेमींना नवी नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला श्रुतींचं मोजमाप करून श्रुतीची पेटी करवून घेतली ती याच अडचणीपायी, आणि आपल्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवली तीही याचसाठी.

म्हणून अ‍ॅप आणि तानपुरा एकाच वेळी चालू ठेवू नये. पुष्कळांना ही युक्ती सुचते, पण दोन्हींचा ग एकमेकांना छेद देतो आणि कान कणसूर होतो. त्याऐवजी तानपुरा ३० सेकंद ऐकून बंद करावा, दहा प्रश्न सोडवावेत, मग पुन्हा तानपुरा लावून नुकतेच आलेले ग, ध, नि गळ्याने त्यावर लावून पाहावेत. एकाच फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप आणि हे अ‍ॅप अदलून-बदलून चालवताना बऱ्याचदा एक दुसऱ्याला बंद पाडतं; इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा किंवा घरातला जुना फोन त्यासाठी वेगळा ठेवलेला बरा. ओळखायला अ‍ॅप, लावायला तानपुरा, ही वाटणी मोडू नये.

याच कारणाने ट्यूनर अ‍ॅपची सुई बघत गाण्याचा सराव आम्ही सुचवत नाही. साधा ट्यूनर बारा सारख्या तुकड्यांवर बेतलेला असतो. तानपुऱ्यात मिसळलेला उत्तम गंधार लावला की तो १४ सेंट उतरला म्हणून लाल दिवा दाखवतो, आणि शिकणारा भाबडेपणाने स्वर चढवतो. डोळा कानाचं काम करू लागला की कान आळसावतो. ट्यूनर वापरायचाच तर सा तपासायला वापरा, आणि रेकॉर्डिंग झाल्यावर.

ज्यांना आपल्याकडे निरपेक्ष स्वरज्ञान आहे का हे बघायचंच असेल, त्यांच्यासाठी ट्यूनरचा हा एक उपयोग चांगला. सकाळी उठल्यावर, कुठलंही संगीत कानावर पडायच्या आधी, काळी चार गुणगुणून रेकॉर्ड करा आणि मग ट्यूनरवर बघा. सात दिवस वेगवेगळे स्वर घ्या. फक्त स्वतःच्या पट्टीचा सा रोज बरोबर येत असेल तर तो गळ्याच्या सवयीचा भाग. वर्षानुवर्षं एकाच पट्टीत गाणाऱ्या बऱ्याच जणांना तो साधतो. डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ साली सामान्य लोकांना आवडीची गाणी मनातून म्हणायला लावली, तेव्हा सुमारे ४० टक्के लोक दोनपैकी निदान एका वेळी मूळ ध्वनिमुद्रणाच्या अचूक स्वरावर होते. म्हणजे पट्टी लक्षात राहणं आपल्यातल्या पुष्कळांकडे थोडंफार असतंच. अनोळखी वाद्यावर वाजलेला कुठलाही स्वर लगेच नावानिशी सांगता आला, तरच ते निरपेक्ष स्वरज्ञान.

अ‍ॅप कोणी घ्यावं? पेटी, कीबोर्ड किंवा गिटारवर गाणी काढणाऱ्यांनी, सुगम गाणाऱ्यांनी, गांधर्व महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या परीक्षांत स्वर ओळखताना अडखळणाऱ्यांनी बेलाशक घ्यावं. बासरीवाल्यांनीही घ्यावं, त्यांचं वाद्य एका अंश तापमानाला साधारण तीन सेंट चढतं-उतरतं, त्यामुळे सा कडून ऐकायची सवय त्यांना इतरांपेक्षा जास्त लागते. ख्याल शिकणाऱ्यांनी पहिले दोन-तीन महिने वापरून बाजूला ठेवावं. त्यापुढचं त्यात नाही: मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, आंदोलन (स्वर हळूवार झुलवणं) नाही, भैरवचा रिषभ (रे) आणि मारव्याचा रिषभ त्याला एकच.

कोमल रे आणि तीव्र म एकत्र येतात त्या पूर्वी-मारवा वळणाच्या सरावासाठी घरगुती सोय करावी लागते. बारा स्वरांच्या बारा चिठ्ठ्या करा आणि तानपुरा चालू ठेवा. जोडीदाराने चिठ्ठी उचलून तो स्वर पेटीवर न वाजवता आकारात (‘आ’ म्हणत) गायचा, म्हणजे तानपुऱ्याशी भांडण होत नाही. ऐकणाऱ्याने नाव सांगायचं आणि तिथून सा पर्यंत थाटाच्या स्वरांनीच यायचं: तीव्र म आला तर म-ग-रे-सा, त्यातला रे कोमल. पहिल्या दिवशी फक्त चार चिठ्ठ्या घ्या, सा, कोमल रे, ग आणि तीव्र म. ध आणि नि चौथ्या-पाचव्या दिवशी आणा, आणि पंचमाची चिठ्ठी मारव्यासाठी बाजूलाच ठेवा. पंचम नसताना तीव्र म वर उभं राहिलं की सा निसटतो, आणि तो पुन्हा पकडणं हाच इथला सराव आहे.